नेम चुकवणारी बंदूक

रुपराव धकाते अंगाला साबण लावून बसले होते, तेवढ्यात गच्चीवरून प्रेमिलाबाईंची किंकाळी आली. किंकाळी ओळखीची होती. गेले काही दिवस ती रोज सकाळी याच सुमाराला येत होती आणि तिचा अर्थही रोज तोच असे. वानर आलं होतं आणि कुरडया चालल्या होत्या.

रुपराव टॉवेल गुंडाळून वर धावले. एक थोराड, काळतोंड्या गडी पाण्याच्या टाकीवर मांडी ठोकून बसला होता. एका हातात कुरडई, दुसऱ्या हातात पुढची. घाई नाही, भीती नाही. आग्रहानं बोलावलेल्या पाहुण्यासारखं त्याचं जेवण चाललं होतं.

"अजी, उभे काहून राहिले? हाकला ना त्याले!"

"हाड! हाड!" रुपराव ओरडले. वानरानं त्यांच्याकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं आणि पुन्हा कुरडईत लक्ष घातलं.

प्रेमिलाबाई तिथेच गच्चीवर फतकल मारून बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "रुखवतात काय ठेवू मी आता? वांदराचं उष्टं?"

आता यात रडण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल, तर त्यानं लेकीचं लग्न केलेलं नाही हे उघड आहे. लतिकाचं लग्न खापा गावच्या नत्थूजींच्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा चांगला, कळमेश्वरला कारखान्यात नोकरीला. पण साखरपुड्यात खाप्याच्या बायाबापड्यांनी सहज म्हणून सांगून ठेवलं होतं की, "आमच्याकडे रुखवत पाहाले अख्खं गाव येते." प्रेमिलाबाईंनीही तितक्याच सहजपणे सांगितलं की, "येऊ द्या ना, परातीएवढ्या कुरोड्या करतो मी." तोंडातून शब्द गेला आणि तांडापेठेतल्या त्या गल्लीची अब्रू कुरडयांना टांगली गेली. त्या दिवसापासून घरात गहू भिजत होता, चीक शिजत होता, सोऱ्या फिरत होता आणि जे तयार होत होतं, त्यातलं निम्मं वानराच्या पोटात जात होतं.

उपाय सगळे करून झाले होते. थाळ्या वाजवून झाल्या, काठी आपटून झाली. दिवाळीचे उरलेले फटाके लावले, तेव्हा वानर पहिल्या दिवशी पळालं आणि दुसऱ्या दिवसापासून पाहायला बसलं. दगड मारायची सोय नव्हती, कारण रुपरावांच्या मातोश्री वच्छलाबाई दर शनिवारी मारुतीला तेल घालत आणि त्यांनी एकदाच बजावलं होतं, "त्याले लागलं, तर मी अन्न सोडीन. मारोतीचं रूप आहे थे."

शेवटी समोरच्या घरातले दत्तोपंत मदतीला आले. हे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. उन्हाळ्यात ते खिडकीत माठ ठेवून त्याच्याशेजारी पेपर वाचत बसत आणि गल्लीला सल्ले देत. "धकाते, छर्ऱ्याची बंदूक घ्या. हिला लायसन लागत नाही. वानराला नुसती दिसली तरी पुष्कळ होते."

कल्पना घरात सगळ्यांना पटली. पण रुपराव भूमापन कचेरीत कारकून होते. मोजल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही, ही सवय त्यांच्या हाडीमासी भिनली होती. "आधी गरज पाहाची, मंग खिसा पाहाचा, मंग वस्तू," असं ते नेहमी म्हणत. मागे त्यांनी छत्री घ्यायची ठरवली, तेव्हा दांडा लाकडी असावा की लोखंडी, या विचारात अख्खा पावसाळा गेला आणि छत्री घरात आली ती दिवाळीच्या फराळासोबत. त्यामुळे बंदुकीच्या बाबतीतही ते विचारांत पडले, आणि प्रेमिलाबाई काळजीत.

"लांब नळीची घ्या," दत्तोपंत म्हणाले. "नेम अचूक बसतो."

"अचूक नको ना मास्तर. अचूक बसला तर माय जेवत नाही."

"मग जवळ मारा करणारी घ्या."

"जवळून तर जास्तच लागते."

"अहो, मग तुम्हाला पाहिजे तरी कशी?"

रुपरावांनी चष्मा पुसला. "वांदराले पाहूनच धडकी भरली पाहिजे, पण लागाले नाही पाहिजे. प्रेमिलाचा धीर सुटायच्या आत आली पाहिजे. आन् बँडवाल्याचा इसार देऊन जे उरलं, त्याच्यात बसली पाहिजे."

दत्तोपंतांनी पेपर तोंडासमोर धरला.

शनिवारी कचेरी अर्ध्या दिवसानं सुटली, तसे रुपराव सायकल काढून सीताबर्डीच्या बाजारात गेले. तिथे ताराचंदचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. ताराचंद जरीपटक्याचा सिंधी, जिभेवर साखर असलेला माणूस. कॅरमचा स्ट्रायकर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो बोर्ड गळ्यात घालून पाठवत असे. बंदुकीचं नाव काढताच तो खुलला.

"ये देखो साहब, बढिया माल! शिसम का दस्ता. आम की टहनी पर निशाना लगाओ, आम सीधा आपकी झोली में."

रुपरावांनी बंदूक हातात घेतली. नळी कब्ज्यात, म्हणजे बिजागरीत, मोडून तिच्यात दाब भरायचा असतो. त्यांनी जोर लावला, गुडघा लावला, काउंटरचा आधार घेतला. नळी हलली नाही, काउंटर मात्र हलला.

"हलकी नाही का?"

ताराचंदनं हलकी काढली. "ये हलकी भी है और सच्ची भी. उडती हुई मक्खी..."

"लागते का?"

"शंभर टक्के लगती है साहब!"

"मंग नको."

ताराचंदनं तिसरी काढली, चौथी काढली. प्रत्येक बंदुकीचं तो तोंड भरून कौतुक करी आणि प्रत्येक कौतुकासरशी रुपरावांचा चेहरा उतरत जाई. शेवटी ताराचंदनं हात टेकले. "साहब, एक बात बताओ. आपको मारना किसको है?"

"कोणालेच नाही."

ताराचंद रुपरावांकडे बघतच राहिला. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि शिडी लावून माळ्यावरून जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी खाली आणलं.

"ये मेरे दुकान का कलंक है साहब. चुना लगाते समय माळ्यावरून गिर गई. नळी वाकडी, कब्जा ढिला. दिसते एकदम चांगली, पण निशाना लगाओ इधर, छर्रा जाता है किधर भी. कभी दाएँ, कभी बाएँ, उसकी मर्जी. तीन गिऱ्हाइक वापस लाके फेक गए." त्यानं उसासा सोडला. "एक ही गॅरंटी देता हूँ. जहाँ निशाना लगाओगे, वहाँ कभी नहीं लगेगी."

रुपरावांना भरून आलं. मातोश्रींचा मारुती, बायकोची कुरडई आणि स्वतःचा खिसा अशी तिन्ही एका नळीत बसवणारी वस्तू जगात असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. कब्जा सैल असल्यामुळे नळीही सहज मोडत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक वस्तू पाहिली त्याच दिवशी विकत घेतली. ताराचंदनं छर्ऱ्यांची डबी फुकट दिली आणि रस्त्यापर्यंत पोचवायला आला.

घरी वच्छलाबाईंनी बंदुकीला हळदीकुंकू लावलं. पण सिंधी दुकानदाराच्या गॅरंटीवर त्यांचा विश्वास नव्हता. "माझ्यासमोर चालव आधी. लागत नाही हे मले दिसलं पाहिजे."

गच्चीच्या कठड्यावर डालड्याचा रिकामा डबा ठेवला. रुपरावांनी नेम धरला, डोळा मिटला, मग दुसराही मिटला आणि चाप ओढला. 'फट्' असा आवाज झाला. डबा जागच्या जागी होता. लगेच समोरून 'खळ्ळ' असा आवाज आला आणि दत्तोपंतांच्या खिडकीतून पाण्याचा लोट वाहू लागला.

"लागली नाही वं!" वच्छलाबाई आनंदानं टाळी वाजवत म्हणाल्या. "देवमाणूस आहे दुकानदार!"

दत्तोपंत भिजलेला पेपर घेऊन वर आले. त्यांचा माठ गेला होता. माणूस तसा शांत होता, पण उन्हाळ्यात माठ जाणं ही साधी गोष्ट नव्हे. रुपरावांनी माफी मागितली, बंदुकीचा गुण समजावून सांगितला, नवा माठ आणून दिला आणि दुसऱ्या दिवशी खबरदारी म्हणून अगदी विरुद्ध दिशेला, कडुनिंबाच्या शेंड्यावर नेम धरला. नवा माठही फुटला.

आता मात्र दत्तोपंतांनी ड्रॉइंग मास्तरांचं डोकं चालवलं. "धकाते, तुम्ही नेम धरता तिथे ही लागत नाही, हे नक्की ना?"

"नक्की. गॅरंटी आहे."

"मग माझ्यावर उपकार करा. उद्यापासून माझ्या माठावरच नेम धरत जा."

हे शास्त्र लागू पडलं. दुसऱ्या दिवशी रुपरावांनी गच्चीवरून आवाज दिला, "मास्तर, तुमच्यावर धरून राहिलो!" आणि दत्तोपंत खिडकीत निर्धास्त पेपर वाचत बसले. माठ शाबूत राहिला. छर्रा कोपऱ्यावरच्या घराच्या कौलावर टण्णकन वाजला. ही बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागणार? लवकरच रोज सकाळी बाया दारात येऊन उभ्या राहू लागल्या.

"रुपरावजी, आज आमच्याकडे धरा ना गा! पापड वाळू घातले आहेत."

"काल तुमच्याकडेच धरली होती. आज आमच्या अंगणात धरा, जावाई झोपून राहिले."

रुपराव भिडस्त माणूस. कोणाला नाही म्हणता येईना. ते आळीपाळीनं एकेका घरावर बंदूक रोखत आणि त्या घरची माणसं समाधानानं आपापल्या कामाला लागत. नवा पाहुणा आला असता, तर या गल्लीत मोठं वैर आहे असं त्याला वाटलं असतं.

एकच भानगड झाली. आठवड्याभरात ही गोष्ट वानराच्याही ध्यानात आली. पहिले दोन दिवस माठांच्या आवाजानं ते पळालं होतं. मग एक दिवस ते टाकीवर बसून नीट बघत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी कुरडई घेऊन थेट नळीसमोर येऊन बसलं. रुपरावांनी बंदूक डावीकडे नेली की तेही डावीकडे सरके. सगळ्या तांडापेठेत याच्याइतकी सुरक्षित जागा नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं.

"आता काय कराचं वं?" रुपराव हताश होऊन म्हणाले.

"मले इचारता?" प्रेमिलाबाई कडाडल्या. "वांदरासाठी तुम्ही इतक्या चांगल्या जागेची सोय केली, आता त्याले पाटही मांडा!"

लग्न आठवड्यावर आलं होतं. प्रेमिलाबाईंनी शेवटचा घाणा घातला. परातीएवढ्या, पांढऱ्याशुभ्र कुरडया. त्या वाळल्या तर खाप्यासमोर मान वर, नाहीतर जन्मभर लतिकाला टोमणे. रुपराव पहाऱ्याला बसले. त्यांनी छर्रा भरला, दाब भरला आणि घाम आला म्हणून चष्मा पुसायला बंदूक कठड्याला टेकवली. तेवढ्यात त्यांच्या कानाशी काहीतरी सळसळलं. चष्मा लावून पाहतात, तर कठडा रिकामा होता आणि बंदूक दत्तोपंतांच्या कौलांवर होती. वानरानं ती मांडीवर आडवी घेतली होती आणि चापाशी एक बोट चाळा करत होतं.

"पळा!" रुपराव बोंबलले. "त्याच्याजवळ बंदूक आहे! भरलेली आहे!"

गल्लीतली माणसं बाहेर आली आणि वर पाहून जिथल्या तिथे थिजली. पण क्षणभरच. कारण या गल्लीला आता बंदुकीचं शास्त्र तोंडपाठ होतं.

"समोर व्हा!" दत्तोपंत खिडकीतून गरजले. "सगळे नळीसमोर व्हा! बाजूला कोणी थांबू नका!"

एकच झुंबड उडाली. गल्लीतले लहानथोर नळीच्या समोर दाटीवाटीनं उभे राहिले. वानराला गर्दीची गंमत वाटली असावी. त्यानं नळी उजवीकडे वळवली. सगळी गल्ली धावत उजवीकडे गेली. त्यानं डावीकडे वळवली, गल्ली डावीकडे आली. वच्छलाबाईंना दोघींनी उचलून आणलं आणि पहिल्या रांगेत उभं केलं.

नेमक्या याच वेळी गल्लीच्या तोंडाशी सायकलरिक्षा थांबली आणि व्याही नत्थूजी उतरले. मांडवाची जागा बघायला ते सकाळच्या बसनं खाप्याहून आले होते. कमरेला कडक इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी आणि दोन्ही हातांत कन्हान नदीच्या रेतीतलं हे मोठं टरबूज. त्यांनी पाहिलं. कौलावर वानर, वानराच्या हातात बंदूक, बंदुकीच्या समोर सगळी गल्ली, आणि गच्चीवर आपले होणारे व्याही हातवारे करताहेत.

"इवाईजी! समोर या! बंदुकीच्या समोर या!" रुपराव घसा फोडून ओरडत होते.

नत्थूजी शहाणे गृहस्थ होते. ते दोन पावलं मागे सरकले आणि भिंतीला पाठ लावून बाजूला उभे राहिले.

"बाजूले नका राहू! मराल!"

एकीकडे लेकीचा सासरा, दुसरीकडे लेकीचं रुखवत. प्रेमिलाबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग कुरडयांचं अख्खं सूप उचललं आणि कौलांच्या दिशेनं भिरकावून दिलं. "घे रे मेल्या! खा!"

कुरडया कौलांवर विखुरल्या. वानरानं एका नजरेत सौदा जोखला आणि बंदूक सोडून दिली. ती घरंगळत खाली आली, ओट्यावर आपटली आणि 'फट्' असा आवाज झाला. नत्थूजींच्या हातातलं टरबूज निसटलं, त्यांच्या पायांपाशी फुटलं आणि धोतर कमरेपासून खालपर्यंत लालेलाल झालं.

"इवाई गेले!" प्रेमिलाबाईंनी हंबरडा फोडला. लतिका दारात मटकन खाली बसली. सगळे धावले. नत्थूजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी लाल झालेल्या धोतराकडे पाहिलं, मग हळूच एक बोट लावून चाखलं.

"गोड आहे," ते म्हणाले. टरबुजाला बारीकसं भोक पडलं होतं.

त्यांना घरात नेलं, पाणी दिलं, रुपरावांचं धोतर दिलं. लग्न मोडलं, हे प्रेमिलाबाईंनी मनात धरूनच टाकलं होतं. रुपरावांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. मारुती, माय, कुरडया, ताराचंदची गॅरंटी, माठ, काहीच लपवलं नाही. नत्थूजी ऐकत होते. शेवटी त्यांनी बंदूक मागून घेतली आणि नळीला डोळा लावून बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे ही लागतच नाही?"

"धरली तिथं नाही लागत."

नत्थूजींनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, माह्या टरबुजाच्या वाडीत वांदरांनी उच्छाद मांडला आहे. म्या चांगली निशाणेबाज बंदूक आणली, तर आमच्या कौसल्यानं मारोतीची आण घालून थे कन्हानमधी फेकली. न लागणारी बंदूक दाखवा म्हणलं, तर साऱ्या दुकानदारांनी मले येड्यात काढलं. आन् तुमच्या घरी हे रत्न पडून आहे!"

"पण इवाईजी, कुरोड्या..." प्रेमिलाबाई म्हणाल्या. "रुखवतात आता..."

"कुरोड्याचं काय घेऊन बसल्या? आमच्याकडेही त्या वांदरच खातात. रुखवतात हे रत्न ठेवा."

प्रेमिलाबाई पदर तोंडाशी लावून रडल्या आणि रडता रडता हसल्या. पण दिलेला शब्द म्हणजे शब्द. त्या दिवशी गल्लीतल्या साऱ्या बाया त्यांच्या घरी चीक हाटायला आल्या. बंदुकीच्या नेमासाठी पाळी लावत होत्याच, आता गच्चीवर बसायला पाळी लावली. गप्पा मारत बसलेल्या इतक्या बायांपुढे यायची वानराची छाती झाली नाही. हा उपाय आधी कोणाला का सुचला नाही, हे विचारायचं धाडस रुपरावांनी केलं नाही.

लग्नाच्या दिवशी गल्लीतच मांडव पडला. रुखवत मांडलं होतं. परातीएवढ्या कुरडयांची रास, पापडांच्या चवडी, शेवया आणि मधोमध लाल कापडावर, झेंडूची माळ घातलेली, हळदीकुंकू लावलेली बंदूक. खाप्याची मंडळी रुखवत पाहायला आली. बंदुकीची नळी आपल्याकडे रोखलेली बघून त्यांनी माना डोलावल्या आणि ती अदबीनं दोन्ही बाजूंना सरकली. तांडापेठेची सगळी मंडळी मात्र पटापट येऊन नळीच्या बरोबर समोर उभी राहिली. छर्रा नव्हता, दाब नव्हता, पण सवय ती सवय. खाप्याच्या बाया आ वासून बघत राहिल्या.

नत्थूजी गर्दीतून वाट काढत आले. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई बाजूला, भिंतीशी उभ्या होत्या. नत्थूजींनी त्यांचा हात धरला.

"तिकडे नको राहू वं," ते म्हणाले. "इकडे ये. समोर, समोर."

दोघं येऊन दत्तोपंत आणि वच्छलाबाई यांच्या मधे, नळीच्या अगदी तोंडाशी निवांत उभी राहिली. रुपरावांनी चष्मा काढून पुसला, पण तो ओलाच राहिला. पोरगी आपल्या माणसांत चालली होती.